जुनं विजेचं भिंतीवरचं घड्याळ घरी लावताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोरबाजारातून आणलेलं, एखादी कचेरी मोडीत निघताना मिळालेलं किंवा घरातच माळ्यावर सापडलेलं विजेचं घड्याळ ज्यांना पुन्हा भिंतीवर चालतं करायचं आहे, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. सेलवरची क्वार्ट्झ घड्याळं आणि चावीची लंबकवाली घड्याळं यात येत नाहीत. भिंतीतल्या वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. घड्याळाच्या आत काय करायचं हे मात्र तुम्हालाच त्याला सांगावं लागेल, कारण अशी घड्याळं वायरमनच्या हाताखाली फारशी येत नाहीत.

माझ्याकडचं घड्याळ नेमकं कोणत्या जातीचं आहे, हे कसं ओळखू?

पिन लावण्याआधी हाच प्रश्न सोडवा. जुनी विजेची भिंतीवरची घड्याळं मुख्यतः दोन जातींची असतात. पहिली जात सिंक्रोनस मोटरची. ती थेट घरातल्या ए.सी. विजेवर चालतात. इंग्लंडची स्मिथ्स सेक्ट्रिक, टेमको, फेरांटी, मेटामेक आणि अमेरिकेची टेलेक्रॉन, जनरल इलेक्ट्रिक ही त्यातली नेहमी दिसणारी नावं. दुसरी जात स्लेव्ह घड्याळांची. शाळा, गिरण्या, टेलिफोन एक्स्चेंज, स्टेशनं अशा ठिकाणी एक मुख्य घड्याळ असायचं आणि ते ठरावीक वेळाने विजेचा छोटा ठोका पाठवून बाकीच्या सगळ्यांचे काटे पुढे ढकलायचं. लेस्टरच्या जेंट्स कंपनीची आणि लंडनच्या सिंक्रोनोमची घड्याळं या जातीतली. सिंक्रोनोम या नावाने गोंधळून जाऊ नका, त्यात सिंक्रोनस मोटर नसते.

मागचं झाकण उघडून पाटी वाचा. '२००/२५० व्होल्ट, ५० सायकल, ए.सी.' असं काही लिहिलेलं असेल तर ते पहिल्या जातीचं. पाटी गेली असेल तर मल्टीमीटर ओहमवर ठेवून कॉइलच्या, म्हणजे तारेच्या वेटोळ्याच्या, दोन टोकांना लावा. रीडिंग काहीशे ते काही हजार ओहम आलं तर मेन्सवर, म्हणजे घरातल्या विजेवर, चालणारी मोटर असण्याची शक्यता दाट. फक्त चार, आठ, पंधरा ओहम आलं तर ते स्लेव्ह घड्याळ आहे आणि त्याला २३० व्होल्ट कधीच द्यायचे नाहीत. कॉइल क्षणात जळते, आणि तसली कॉइल पुन्हा गुंडाळून देणारा कारागीर शोधणं हे मोठं काम होऊन बसतं. रीडिंग आलंच नाही तर कॉइल तुटलेली आहे, किंवा तिच्या टोकाची केसासारखी बारीक तार कुठेतरी सुटली आहे. ही दुसरी शक्यता आधी तपासा. भिंग घेऊन बघितलं तर सोल्डरचा टाका निघालेला दिसतो आणि दुरुस्तीही होते.

आतलं यंत्र पाहूनही ओळख पटते. ब्रिटिश स्लेव्ह घड्याळात १२० दात्यांचं एक चाक, एक विद्युतचुंबक आणि त्याची हलणारी पट्टी एवढाच संसार असतो. सिंक्रोनस घड्याळात पत्र्यांच्या थराभोवती जाड कॉइल आणि तिच्या मधोमध फिरणारा रोटर दिसतो.

सिंक्रोनस घड्याळाला वेळ कळते कशी? आत लंबक नाही, स्प्रिंग नाही.

त्याला वेळ कळत नाही, ते फक्त मोजतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. हीच तिची वारंवारता, ५० हर्ट्झ; पाटीवर 'सायकल' लिहितात तीही हीच. दोन ध्रुवांचा रोटर त्या तालाला बांधला गेला की मिनिटाला ३,००० फेरे घेतो, तीस ध्रुवांचा असेल तर २००. पुढे दातेरी चाकांनी हा वेग उतरवत मिनिटकाट्यापर्यंत आणलेला असतो. म्हणजे वेळ सांभाळण्याची खरी जबाबदारी वीजकेंद्राची.

या घड्याळांना बाजार मिळवून दिला तो मॅसॅच्युसेट्समधल्या ॲशलंड गावच्या हेन्री वॉरन यांनी. त्यांनी स्वतःहून सुरू होणारी छोटी सिंक्रोनस मोटर बनवली, पण घड्याळं नीट चालेनात, कारण तिथल्या विजेची वारंवारताच स्थिर नव्हती. मग त्यांनी वीजकेंद्रासाठी एक वेगळं घड्याळ तयार केलं. त्यात एक काटा लंबकावर चालायचा आणि दुसरा त्या केंद्राच्याच विजेवर. दोन काटे एकमेकांवर राहतील असं जनित्र चालवणं हे ऑपरेटरचं काम. २३ ऑक्टोबर १९१६ रोजी हे घड्याळ बॉस्टनच्या एडिसन कंपनीच्या केंद्रात बसलं. घरोघरच्या भिंतीवर घड्याळ चालावं म्हणून एका माणसाने अख्ख्या वीजकेंद्राला शिस्त लावली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

आपल्या विजेवर ते बरोबर वेळ दाखवेल का?

बऱ्यापैकी. सेकंदाच्या हिशेबाने नाही.

आपल्या ग्रिड कोडप्रमाणे, म्हणजे देशभरचं वीजजाळं (ग्रिड) चालवण्याच्या नियमांप्रमाणे, वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या पट्ट्यात ठेवायची असते. गणित सोपं आहे. दिवसभर ४९.९० राहिली तर घड्याळ २४ तासांत १७३ सेकंद, म्हणजे जवळजवळ तीन मिनिटं मागे पडेल. दिवसभर ५०.०५ राहिली तर ८६ सेकंद पुढे जाईल. प्रत्यक्षात ती दिवसात वरखाली होत राहते, त्यामुळे पुढेमागे झालेलं बरंचसं आपापसांत फिटतं. तरी आठवड्यातून एकदा काटा मिळवायची सवय ठेवा.

पूर्वी हाल होते. २००२-०३ मध्ये वारंवारतेशी जोडलेली दरपद्धत येण्याआधी संध्याकाळच्या भाराला वारंवारता ४८.५ च्याही खाली जायची. दिवसभर तशी राहिली तर घड्याळ ४३ मिनिटं मागे. 'हे घड्याळ कधी नीट चाललंच नाही' असं घरातली वडीलधारी सांगतात, त्यात पुष्कळदा घड्याळाचा दोष नसतो. पुढे ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं ग्रिड बाकी देशाशी एकतालात आलं. तेव्हापासून सोलापुरातलं आणि चेन्नईतलं सिंक्रोनस घड्याळ एकाच ठोक्यावर चालतं.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. २०१८ च्या जानेवारी ते मार्चमध्ये कोसोवो आणि सर्बियातल्या वादामुळे युरोपच्या ग्रिडमध्ये विजेची तूट राहिली, आणि पंचवीस देशांतली अशी घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली.

मुलाने अमेरिकेहून टेलेक्रॉन आणलंय. ट्रान्सफॉर्मर लावून चालेल ना?

चालेल, पण तासाला दहा मिनिटं मागे पडेल. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ बदलत नाही. ६० हर्ट्झसाठी बनवलेलं घड्याळ ५० वर पाच-षष्ठांश वेगाने फिरतं. शिवाय वारंवारता कमी झाली की कॉइलमधला प्रवाह वाढतो आणि ती जास्त तापते. ५० हर्ट्झवर थोडा वेळ चालवून बघायचंच असेल तर १२० ऐवजी साधारण १०० व्होल्ट द्या.

खरा उपाय म्हणजे त्याला स्वतःची ६० हर्ट्झची वीज बनवून देणं. घड्याळाची भूक दोन-तीन वॅटचीच असते. क्वार्ट्झवर ६० हर्ट्झ तयार करणारं छोटं सर्किट, त्यापुढे ऑडिओ ॲम्प्लिफायर आणि शेवटी उलटा जोडलेला छोटा ट्रान्सफॉर्मर, एवढ्यात काम होतं. इलेक्ट्रॉनिक्सचा हात असलेला कोणीही हे करून देईल. याचा एक मोठा फायदा असा की ग्रिडची वारंवारता कशीही हलली तरी हे घड्याळ क्वार्ट्झच्या अचूकतेने चालतं. हेअर ड्रायरसाठी मिळणारे हलके इलेक्ट्रॉनिक 'ट्रॅव्हल कन्व्हर्टर' मोटरला अजिबात लावू नका.

उलट प्रकारही होतो. इथलं किंवा ब्रिटिश घड्याळ न्यू जर्सीला नेलं आणि २४० व्होल्ट मिळवून दिले तरी ते तासाला बारा मिनिटं पुढे पळेल.

जुनी कापडी वायर चांगली दिसते. बदलायलाच हवी का?

हो. यात मी कोणाला सूट देत नाही.

बाहेरचं सुती विणकाम शाबूत असतं, पण आतलं रबर पन्नास-साठ वर्षांत कडक होऊन जातं. घड्याळाच्या मागे जिथे वायर आत शिरते तिथे ती हलकेच वाकवून बघा. रबर बिस्किटासारखं तुटून भुगा पडतो आणि उघडं तांबं दिसतं. हे तांबं धातूच्या डब्याला टेकलं की संपूर्ण घड्याळात वीज उतरते, आणि त्याची वेळ मिळवायला हात लावणारा माणूस ओल्या भिंतीपाशी उभा असतो.

कॉइलमधून निघालेली मूळ तार केसासारखी बारीक असते. ती ओढायची नाही, सोलायची नाही. ती जिथे जाड तारेला किंवा टर्मिनलला टाका देऊन जोडलेली असते, तिथपर्यंतचं सगळं जसंच्या तसं राहू द्या आणि नवी वायर त्यापुढे जोडा. नवी म्हणजे ०.७५ चौरस मिलिमीटरची, तीन कोरची, आयएसआय मार्काची लवचीक वायर. सोल्डर करा, प्रत्येक सांध्यावर हीट-श्रिंक (गरम केली की आवळून बसणारी) नळी चढवा. डब्याच्या भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारं कडं, हवंच, नाहीतर पत्र्याची धार नव्या वायरलाही कापेल. ग्रोमेटच्या आतल्या बाजूला वायर क्लिपने आवळून धरा. बाहेरून कोणी खेचली तर ताण क्लिपवर यावा, सांध्यावर येता कामा नये.

जुनं रूप जपायचं असेल तर बाहेरून सुती विणकाम आणि आत पीव्हीसी अशी नवी वायर मिळते. सजावटीचे दिवे विकणाऱ्यांकडे विचारा, पण तीन कोरची मागा.

रंगांचं काय? आतल्या वायर काळ्या आणि पांढऱ्या आहेत.

इथे सावध राहा. अमेरिकेत काळी वायर फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. आपल्या भिंतीतल्या वायरिंगमध्ये काळी म्हणजे न्यूट्रल. जुन्या ब्रिटिश घड्याळात लाल फेज, काळी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग सापडेल. नव्या लवचीक वायरीत तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या रंगांवर विसंबू नका, टेस्टरने बघा. कॉइलला फेज-न्यूट्रल कुठेही चालतं, पण फ्यूज आणि स्विच फेजमध्येच असले पाहिजेत. न्यूट्रलमध्ये स्विच असला तर घड्याळ बंद दिसतं आणि आत वीज असते.

मूळ घड्याळाला दोनच वायर होत्या. अर्थिंग कुठे जोडू?

डबा, काचेभोवतीचं कडं, मागची पाटी, वेळ मिळवायची खुंटी यांपैकी काहीही धातूचं आणि हाताला लागणारं असेल तर अर्थिंग हवं. यंत्राच्या चौकटीला एखादा मोकळा स्क्रू सापडतो. त्याखालचा रंग-गंज खरवडून चकचकीत धातू उघडा करा, वायरच्या टोकाला गोल लग दाबा आणि दातेरी वॉशर घालून घट्ट आवळा. मग मल्टीमीटरने पिनच्या अर्थच्या टोकापासून डबा आणि कडं या दोन्हींपर्यंत जोड लागतो का ते पाहा. कडं रंगाच्या थरामुळे डब्यापासून अलग असू शकतं.

पूर्ण बेकलाइटचं (जुन्या कडक प्लास्टिकचं) घड्याळ असेल आणि बाहेर कुठेच धातू नसेल तर दोन वायर चालतात. घराच्या बोर्डावर ३० मिलीॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) असणं मात्र दोन्ही बाबतींत आवश्यक. जुन्या वाड्यात किंवा चाळीत सॉकेटचं अर्थचं भोक नुसतं शोभेचं असतं, आत वायरच नसते. आधी तिथलं अर्थिंग तपासून घ्या.

फ्यूज किती ॲम्पिअरचा?

२५० मिलीॲम्पिअरचा काचेचा फ्यूज, वायरीत बसणाऱ्या होल्डरमध्ये, फेजच्या वायरीत. दिव्यांच्या सर्किटचा ६ ॲम्पिअरचा एमसीबी घरातली वायरिंग वाचवतो. तीन वॅटची कॉइल हळूहळू जळत असेल तर त्याला पत्ताही लागत नाही.

सगळं जोडून झालं. आता थेट स्विच दाबू?

थोडं थांबा. दोन तपासण्या बाकी आहेत.

पहिली मेगरची, म्हणजे तारांवरचं आवरण वीज कितपत अडवतं हे मोजणाऱ्या मीटरची. पिनची फेज-न्यूट्रलची टोकं एकत्र करून त्यांच्या आणि धातूच्या डब्याच्या मध्ये ५०० व्होल्टचा मेगर लावा. एक मेगाओहमपेक्षा वर आलं पाहिजे, चांगलं घड्याळ त्याच्या कितीतरी वर दाखवतं. कमी आलं तर बहुधा कॉइलने दमट हवा धरलेली असते. बंद खोक्यात घड्याळाशेजारी ४० वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेवा आणि पुन्हा मोजा. कोकणातून आलेल्या घड्याळांना हा शेक बहुतेक वेळा लागतोच.

दुसरी सिरीज बल्बची. घड्याळाच्या आधी ४० वॅटचा तसाच पिवळा बल्ब सिरीजमध्ये जोडा, म्हणजे घड्याळाची वीज बल्बमधूनच पुढे जाईल. सगळं ठीक असेल तर बल्ब पेटत नाही, कारण घड्याळ अगदी किरकोळ प्रवाह घेतं, आणि घड्याळ बहुधा चालूही लागतं. बल्ब भक्कन पेटला तर आत शॉर्ट आहे. मग काढून घ्या आणि शोधा.

यानंतर टेबलावरच दोन दिवस चालवून बघा, आणि मगच भिंतीला भोक पाडा.

वीज दिली, पण काटे हलत नाहीत.

कदाचित ते बिघडलेलं नसेलच. अनेक जुनी सिंक्रोनस घड्याळं स्वतःहून सुरू होत नाहीत. मागे किंवा खाली एक छोटी खुंटी असते, ती फिरवून किंवा ढकलून सोडायची, की रोटर ताल पकडतो. काही घड्याळं उलटा झटका दिला तर उलटीही फिरतात. तसं झालं तर थांबवून दुसऱ्या दिशेने झटका द्या.

यामागे विचार होता. वीज गेली आणि परत आली तर असं घड्याळ बंदच राहतं, त्यामुळे वेळ मिळवायला हवी हे पाहणाऱ्याला कळतं. स्वतःहून सुरू होणारं घड्याळ वीस मिनिटांच्या भारनियमनानंतर वीस मिनिटं चुकीची वेळ दाखवत राहतं. टेलेक्रॉनने यावर उपाय म्हणून डायलवर छोटी खिडकी ठेवली. वीज जाऊन आली की तिथे लाल ठिपका दिसायचा.

खुंटी फिरवूनही जमलं नाही तर आतलं तेल सुकून डिंक झालेलं असणार. पेट्रोल ओतू नका, गंज सोडवायचा स्प्रे मारू नका. बेअरिंगच्या टोकांना घड्याळजीचं तेल टाचणीच्या टोकाने एकेक थेंब पुरे. टेलेक्रॉनचा रोटर तांब्या-पितळेच्या बंद डबीत असतो, त्याचं काम जाणकाराकडे द्या.

इन्व्हर्टरवर चालेल?

शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर असेल तर छान चालतं. स्क्वेअर वेव्हवर घड्याळ घरघरतं, जास्त तापतं आणि वेळही इन्व्हर्टर ठरवेल तशी दाखवतं. वीज वारंवार जात असेल आणि घरात स्क्वेअर वेव्हचाच इन्व्हर्टर असेल तर घड्याळ त्या लाइनवर घेऊ नका.

मंद घूं घूं आवाज येतो. धोका आहे का?

कॉइलच्या पत्र्यांचा हलका गुंजारव या घड्याळांना असतोच. डब्याला हात लावून आवाज बदलला तर काहीतरी सैल आहे, स्क्रू आवळा. खरखर असेल तर तेल हवंय. जळका वास आला किंवा डबा हाताला चटका देण्याइतका तापला तर लगेच पिन काढा. कोमट लागणं ठीक आहे.

वायर भिंतीवर लोंबकळलेली नको. काय करावं?

अमेरिकेतल्या जुन्या स्वयंपाकघरांत यासाठी खास सॉकेट असायचं. भिंतीत खोल बसवलेलं, मधोमध घड्याळ टांगायला हुक, आणि पिन आतल्या खळग्यात मावायची. आपल्याकडे तसं करायचं तर घड्याळाच्या मागे येईल अशा जागी भिंतीत खोल मॉड्युलर बॉक्स बसवून घ्या आणि कन्सील्ड वायरिंगने तिथे फेज, न्यूट्रल, अर्थ आणा. या लाइनला खालच्या बोर्डावर वेगळा स्विच ठेवा. वेळ मिळवण्यासाठी, साफसफाईसाठी आणि वादळी पावसात घड्याळ बंद करता आलं पाहिजे. बॉक्समध्ये नुसत्या पीळ दिलेल्या आणि टेप गुंडाळलेल्या तारा नकोत, कनेक्टर वापरा.

भिंत फोडायची नसेल तर केसिंग-कॅपिंगची (आत वायर झाकणारी) बारीक पट्टी घड्याळापासून सरळ खाली बोर्डापर्यंत आणा. सरळ उभी पट्टी डोळ्याला खुपत नाही. जुन्या वाड्यात सागवानी बॅटनवरचं वायरिंग अजून असेल तर त्याच चालीने नवी लाकडी पट्टी मारून घ्या. माझ्या मते बेकलाइटच्या गोल घड्याळाला हीच जोडी सर्वांत शोभते.

भिंतीला कसं टांगावं? घड्याळ जड आहे.

आधी वजन करा. घरगुती बेकलाइटचं दोन किलोच्या आत असतं, पण कचेरीतलं पत्र्याचं किंवा सागवानी चौकटीचं सात-आठ किलोंपर्यंतही जातं.

पक्क्या विटांच्या भिंतीत ८ मिलिमीटरचं भोक, त्यात गिट्टी (स्क्रूचा प्लग) आणि किमान ५० मिलिमीटरचा स्क्रू. भोक प्लास्टरच्या पलीकडे विटेत गेलं पाहिजे. नुसत्या प्लास्टरवर टांगलेलं घड्याळ आज ना उद्या खाली येतं. एएसी ब्लॉकच्या (हलक्या, सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांच्या) नव्या भिंती भुसभुशीत असतात, तिथे त्या ब्लॉकसाठीचाच लांब नायलॉन प्लग घ्या आणि ड्रिल हॅमरवर न ठेवता चालवा. कोकणातल्या चिऱ्याच्या भिंतीत भोक मोठं होत जातं. तिथे दोन-तीन लांब स्क्रूंनी एक लाकडी फळी बसवा आणि घड्याळ फळीवर टांगा. अमेरिकेत राहणाऱ्यांनी ड्रायवॉलमागचा लाकडी खांब शोधून त्यातच स्क्रू घालावा.

ड्रिल लावण्याआधी खालीवर कुठे स्विचबोर्ड आहे ते पाहा. कन्सील्ड पाइप बोर्डापासून सहसा सरळ वर जातात, आणि बोर्डाच्या वरची रिकामी जागा घड्याळासाठी मोहात पाडते.

ओळंबा किंवा पाणसळ लावून बारा आणि सहा एका रेषेत आणा. मोटरच्या घड्याळाला तिरकं टांगल्याने वेळेत फरक पडत नाही, वाईट दिसतं एवढंच. काही स्लेव्ह घड्याळांत मात्र पट्टी स्वतःच्या वजनाने खाली येते. ती सरळ नसली तर ठोके चुकतात.

कुठे टांगू नये?

ज्या बाहेरच्या भिंतीला पावसाळ्यात ओल येते तिथे नको. पश्चिमेकडची भिंत बहुधा तीच असते. गॅसच्या वर नको, तेलकट वाफ यंत्रात जाऊन बसते. दुपारचं ऊन थेट पडतं तिथे नको, डायल पिवळी पडते. आपटणाऱ्या दाराशेजारी नको. आणि कोणत्याही भिंतीवर घड्याळाच्या मागे चार रबरी गुट्ट्या चिकटवून बोटभर फट ठेवा, हवा खेळती राहते. त्या फटीत पाली शिरतात; वायरचं भोक आणि मागच्या झाकणाच्या भेगा बारीक जाळीने बंद करून टाका. कागदी डायल असेल तर कसरीपासून जपा.

स्लेव्ह घड्याळ घरी चालवता येईल? मुख्य घड्याळ तर नाही.

येईल, आणि माझ्या मते घरासाठी हीच जात अधिक चांगली, कारण भिंतीवरच्या घड्याळापर्यंत मेन्सची वीज जातच नाही.

ब्रिटिश स्लेव्ह घड्याळाला दर अर्ध्या मिनिटाला एक ठोका लागतो. जेंट्सचा प्रवाह सुमारे २२० मिलीॲम्पिअर, सिंक्रोनोमचा साधारण ३३०. ठोका आला की चुंबक पट्टी ओढतो आणि खिटी चाकाच्या पुढच्या दात्यात पडते. ठोका संपला की स्प्रिंग चाकाला एक दाता पुढे ढकलते. म्हणजे काटा वीज तुटल्यावर हलतो. शांत खोलीत हा 'टक्क' फार सुंदर ऐकू येतो.

मुख्य घड्याळाचं काम आर्डुइनोचा (प्रोग्राम भरता येणारा) छोटा बोर्ड आणि डीएस३२३१ हा वेळेचा मोड्यूल करतो. त्याची चूक वर्षाला मिनिटभराच्या आसपास असते. बोर्डने दर ३० सेकंदांनी पाव ते अर्धा सेकंद ट्रान्झिस्टर चालू करायचा. पुरवठा १२ व्होल्ट डी.सी.चा, चांगल्या ॲडॅप्टरमधून. समजा जेंट्सच्या घड्याळाची कॉइल १० ओहमची मोजली, तर तिच्यासोबत ४७ ओहम, ५ वॅटचा रेझिस्टर सिरीजमध्ये घाला. प्रवाह २१० मिलीॲम्पिअर येतो आणि घड्याळ खूश असतं. कॉइलवर उलटा डायोड, १एन४००७, विसरू नका. ठोका तुटताना कॉइल उलट झटका देते आणि डायोड नसेल तर ट्रान्झिस्टर जातो.

एकाहून अधिक घड्याळं असतील तर ती सगळी सिरीजमध्ये जोडायची, मुळात ती तशीच बनलेली आहेत. प्रवाह तोच राहतो, रेझिस्टर तेवढा कमी करत जायचा. एकाची तार सुटली तर सगळी थांबतात, पण बिघाड लगेच लक्षात येतो.

जर्मन आणि स्विस स्लेव्ह घड्याळं वेगळी. त्यांना मिनिटाला एक ठोका लागतो, बहुधा २४ व्होल्टचा, आणि दर ठोक्याला ध्रुव उलटावे लागतात. त्यासाठी एच-ब्रिज लागतो. अशी दोन घड्याळं एकाच ओळीवर असून एक सतत मिनिटभर मागे राहत असेल तर त्याच्या दोन वायरी अदलाबदल करा.

स्लेव्ह घड्याळाचे काटे मागे फिरवू नका. पुढे गेलं असेल तर ठोके बंद करून वेळ त्याच्यापर्यंत येऊ द्या. ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये तासभर बंद ठेवलं की झालं.

एवढा खटाटोप कशाला? आत क्वार्ट्झ मशीन बसवून टाकतो.

तसं करणारे पुष्कळ आहेत, आणि त्यामुळेच बाजारात पोकळ घड्याळं फार दिसतात. माझं मत विचाराल तर करू नका. मूळ सेकंदकाटा न थबकता एकसंध फिरतो, क्वार्ट्झचा बहुधा टिकटिक करत उड्या मारतो. पाहणाऱ्याला फरक लगेच कळतो. अगदीच इलाज नसेल, कॉइल जळलेली असेल, तर बसवा. मात्र डायलचं भोक मोठं करू नका, मूळ काटे कापू नका, आणि जुनं यंत्र पिशवीत घालून घड्याळाच्याच मागच्या पोकळीत बांधून ठेवा. पुढे कोणाला ते जिवंत करायचं असेल तर सगळं एकत्र सापडेल.

बाजारात घेताना काय पाहावं?

मुंबईत चोरबाजारात मटण स्ट्रीटला जा किंवा पुण्यात बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात, मल्टीमीटर बरोबर असू द्या. दुकानदार 'चालू आहे' म्हणतो तेव्हा मागचं झाकण उघडायला सांगा. आत सेलची काळी चौकोनी डबी दिसली तर किंमत त्या हिशेबाने करा. कॉइलचा वास घ्या, जळलेल्या कॉइलचा वास वर्षानुवर्षं जात नाही. डायल फारच पांढरी, अक्षरं फारच ठळक असतील तर ती नव्याने छापलेली असणार. फुगीर काच शाबूत असेल तर थोडे पैसे जास्त द्यायला हरकत नाही, ती बदलून मिळणं कठीण.

डायलवर हिरवट-पिवळा रंग आहे, अंधारात चमकत नाही.

तो रेडियमचा असू शकतो. चमक जाते, किरणोत्सर्ग राहतो. रेडियम-२२६ चं अर्धायुष्य १,६०० वर्षांचं आहे. खरवडू नका, फुंकर मारू नका, काच काढू नका. बंद काचेमागे भिंतीवर राहू द्या, लहान मुलांच्या हाती देऊ नका.

वीजबिल किती वाढेल?

तीन वॅटच्या हिशेबाने महिन्याला दोन युनिटांच्या थोडं वर.

घर रंगवायला काढलंय, घड्याळ काही महिने काढून ठेवायचं आहे.

बोर्डावरचा स्विच बंद करून वायरमनकडून भिंतीतलं टोक सोडवून घ्या आणि तिथल्या तारांना कनेक्टर लावून बॉक्सवर कोरी प्लेट बसवा. उघडी टोकं रंगाऱ्याच्या ओल्या ब्रशखाली ठेवू नका. घड्याळ सुती कापडात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत दमट हवा कोंडते. खोक्यात काच वर करून आडवं ठेवा, सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका आणि खोक्यावर व्होल्ट, हर्ट्झ आणि घड्याळाची जात ठळक लिहा. स्लेव्ह असेल तर '२३० व्होल्ट देऊ नये' हेही लिहा, कारण खोकं उघडणारा माणूस दुसराच असू शकतो. परत लावताना मेगर आणि सिरीज बल्ब या दोन्ही तपासण्या पुन्हा करा.